पाणी धरणारे हात

सर्फिंगचं रील पंधरा सेकंदांचं असतं आणि त्या पंधरा सेकंदांत माणूस फळीवर उभा दिसतो. त्याआधी तो काय करत होता, ते कापलेलं असतं. समुद्रात असताना सर्फरचा वेळ कशात जातो, हे मोजणारे अभ्यास झाले आहेत. त्यांचा ढोबळ निष्कर्ष असा, की जवळपास निम्मा वेळ तो फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मारत असतो, बराचसा वेळ लाटेची वाट बघत नुसता बसलेला असतो आणि प्रत्यक्ष लाटेवर उभा राहतो तो शेकडा चार-पाच टक्के वेळ. म्हणजे तासाभरात जेमतेम तीन मिनिटं.

बाकीचा खेळ हातांचा. तो अवघड का आहे, हेही आकड्यांत सांगता येतं. उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. दोन मीटर खोलीवर आलेली लाट ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास किनाऱ्याकडे सरकत असते. चांगला सर्फर जीव तोडून हात मारतो तेव्हा ताशी सहा-सात किलोमीटरला पोचतो. लाटेची बरोबरी करणं हातांना शक्य नाही. तिने मागून उचलल्यावर तिच्या उतारावरून घसरायला लागण्याइतका वेग मात्र आपला आपणच आणावा लागतो. तेवढा नसेल, तर लाट खालून निघून जाते आणि आपण तिथेच.

मी राजगुरुनगरचा. इथून समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. आमच्याकडे भीमा आहे, वरच्या अंगाला चासकमानचं धरण आहे आणि दक्षिणेला चाकणचे कारखाने. तरीही या विषयावर लिहावंसं वाटलं, कारण हातांनी किंवा वल्ह्याने पाण्यात वेग कसा मिळवायचा, हा प्रश्न काही एकट्या समुद्राचा नाही. त्याचा इतिहास शोधायला लागलं, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हे ज्ञान आधी पाण्यावर पोट असणाऱ्यांच्या हातात होतं. ज्यांच्याकडे कागद, क्लब आणि घड्याळ होतं, ते आधी त्याला हसले, मग त्यांनी ते उचललं आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं. या सगळ्यात ज्यांचे हात होते, त्यांची नावं बहुतेक ठिकाणी गळाली.

सांगड

सुरुवात आपल्याच भाषेतून करू. 'कामाची आणि घराची सांगड घालणं' असं आपण सहज बोलतो. सांगड ही मुळात पाण्यावरची वस्तू. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी-इंग्रजी कोशात तिचा अर्थ दिला आहे: दोन होड्या एकत्र बांधून केलेला तराफा, किंवा पोहताना आधाराला घ्यायची दोन भोपळ्यांची जोडी. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात फुगलेल्या नद्या ओलांडायला अशी साधनं लागत. वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माणसं आजही गावोगाव आहेत. नंतर भोपळ्याची जागा पत्र्याच्या डब्याने घेतली, मग प्लॅस्टिकच्या कॅनने.

तरंगणाऱ्या वस्तूवर छाती टेकवायची आणि हातांनी पाणी मागे सारायचं, ही सर्फरची अवस्था आणि सांगडीवरच्या माणसाची अवस्था एकच. तमिळमध्ये याच कल्पनेचा मोठा अवतार आहे. 'कट्टुमरम' म्हणजे बांधलेली लाकडं. इंग्रजीतला कॅटामरान शब्द तिथूनच गेला. मद्रासला बंदर नव्हतं, तेव्हा जहाजं दूर समुद्रात नांगर टाकत आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या अजस्र लाटांतून निरोप आणि पत्रं ने-आण करायचं काम हे कट्टुमरमवाले करत. युरोपियन माणूस ज्या पाण्यात बुडण्याच्या भीतीने पाऊल टाकत नव्हता, त्यातून ही माणसं चार ओंडक्यांवर गुडघे टेकून, वल्हं मारत आरपार जात. १८०६ साली चार्ल्स गोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं चित्रांचं पुस्तक लंडनमध्ये निघालं, त्यात हे कट्टुमरम आहेत. लाटेतून बाहेर कसं जायचं आणि लाटेवर बसून परत कसं यायचं, हे त्यांना कुठल्याही सर्फ-स्कूलच्या आधीपासून येत होतं.

ताशी चार मैल

आता कोकणात येऊ. आंग्र्यांच्या आरमारात दोन मुख्य प्रकारची जहाजं होती, गुराब आणि गलबत. गुराब मोठी, तोफांची. गलबत लहान, हलकं आणि वल्ह्यांचं. रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्याने १७६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात गलबताचं वर्णन केलं आहे. सत्तर टनांच्या आतलं जहाज, चाळीस-पन्नास दणकट वल्ही आणि वल्हवून मिळणारा वेग ताशी चार मैल.

ताशी चार मैल म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. आज फळीवर जीव खाऊन हात मारणारा सर्फर ज्या वेगाला पोचतो, नेमका तोच. हा योगायोग आहे, पण तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हाडामांसाच्या माणसाकडून पाण्यात जो वेग निघतो, त्याची पट्टी फार रुंद नाही.

एवढ्याशा वेगाचा उपयोग काय, तर वारा पडला की सगळा उपयोग. इंग्रजांची जहाजं शिडांवर चालणारी आणि तोफा त्यांच्या दोन्ही कुशींना. वारा थांबला, की ती जागच्या जागी खिळत. मग गलबतं वल्हवत निघत, गुराबांना दोर बांधून ओढून आणत आणि शत्रूच्या जहाजाच्या मागच्या अंगाला उभी करत, जिथे त्याच्या तोफा फिरत नाहीत. पन्नास वल्ही एका तालात पडली तरच हे जमायचं. एकाचं वल्हं उशिरा पडलं, तर ते शेजारच्याच्या वल्ह्यावर आदळतं आणि जहाजाचा वेग खातं. ही माणसं कोळी, भंडारी, गाबीत, खारवी समाजांतली. कान्होजी आणि तुळाजी आंग्र्यांची नावं आपल्याला पाठ असतात, १७५६ साली विजयदुर्ग पडल्याचंही शाळेत येतं. पाणी कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे ज्यांच्या मनगटांना ठाऊक होतं, त्यांच्यापैकी एकाचंही नाव शाळेच्या पुस्तकात नाही.

लंडनमधली पवनचक्की

आंग्र्यांच्या काळात आणि त्यानंतरही बराच काळ युरोपात पोहणं म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक, आपल्याकडे ज्याला बेडूकपोहणं म्हणतात ते. डोकं वर, हात पाण्याखाली, सगळं शांतपणे.

१८४४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या हाय हॉलबर्न इथल्या तरणतलावात उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे जमातीच्या दोन पोहणाऱ्यांची शर्यत लावण्यात आली. इंग्रजांनी त्यांची नावं फ्लाइंग गल आणि टोबॅको अशी दिली आहेत. ते हात पाण्याबाहेर काढून, डोक्यावरून पुढे टाकत पोहले. फ्लाइंग गलने १३० फूट अर्ध्या मिनिटात कापले. 'द टाइम्स'ने त्यांच्या हातांना पवनचक्कीच्या पात्यांची उपमा दिली आणि हा प्रकार अगदीच अ-युरोपीय असल्याचं नोंदवलं. नंतर एक मुरलेला इंग्रज जलतरणपटू उतरला आणि त्याने ब्रेस्टस्ट्रोकने दोघांनाही हरवलं. इंग्रजांचं समाधान झालं. हात पाण्याबाहेर काढून पोहायची पद्धत त्यांनी पुढची तीस वर्षं बाजूला ठेवली.

१८७३ मध्ये जॉन ट्रजन नावाचा इंग्रज तरुण शर्यतीत उतरला. त्याचं लहानपण दक्षिण अमेरिकेत गेलं होतं आणि तिथल्या स्थानिक लोकांना पाहून तो हात बाहेर काढून पोहायला शिकला होता. तो जिंकला आणि त्या पद्धतीला 'ट्रजन' हे नाव पडलं. ज्यांच्याकडून तो शिकला, त्यांचं नाव पडलं नाही. एकोणिसावं शतक संपता संपता सिडनीत अ‍ॅलिक विकहॅम नावाचा सॉलोमन बेटांवरचा मुलगा आपल्या बेटावरच्या पद्धतीने पोहताना दिसला. त्याला पाहून एक प्रशिक्षक 'हा मुलगा रांगतोय बघा' अशा अर्थाचं काही बोलला आणि त्यावरून 'क्रॉल' हा शब्द रूढ झाला, असं सांगतात. आज आपण ज्याला फ्रीस्टाइल म्हणतो ती हीच.

मग हवाईचा ड्यूक कहानामोकू. सर्फिंग आणि पोहणं यांचा सांधा त्याच्यापाशी जुळतो. ऑगस्ट १९११ मध्ये होनोलुलूच्या बंदरात त्याने १०० यार्डांचं अंतर ५५.४ सेकंदांत पोहून दाखवलं. तेव्हाच्या विक्रमापेक्षा चार सेकंदांहून जास्त कमी. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या संघटनेने हा विक्रम मानायला नकार दिला. पाण्याला प्रवाह असेल, घड्याळं चुकली असतील, अशा शंका निघाल्या. पुढच्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ड्यूकने १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं आणि शंका थांबल्या. १९१४-१५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर फळीवर उभं राहून दाखवलं आणि तिथे सर्फिंगचं वेड लागलं.

ड्यूकच्या प्रभावाखाली आलेला टॉम ब्लेक हा अमेरिकन जलतरणपटू होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये गेला. तिथे हवाईच्या जुन्या सरदारांच्या लांबच लांब फळ्या होत्या. त्या पाहून त्याने स्वतःच्या फळ्या केल्या, वजन कमी करण्यासाठी त्यांना भोकं पाडली आणि पुढे आतून पोकळ फळीचं पेटंट घेतलं. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियात कोरोना डेल मार इथे झालेली सर्फिंग स्पर्धा त्याने जिंकली. त्या स्पर्धेत फळीवरून हातांनी पाणी मारत पुढे जाण्याची शर्यत हा मुख्य भाग होता. फळीवरचा वेग ही मोजायची, सुधारायची गोष्ट आहे, हे इथून पुढे मान्य झालं. त्यासाठी संग्रहालयात धूळ खाणाऱ्या फळ्या बघाव्या लागल्या.

१९७२, जर्मनी

हात पाण्याबाहेरून पुढे आणायचा, एवढं ठरलं. पण तो पाण्याखाली असताना नेमकं काय करतो, यावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. इंडियाना विद्यापीठातले प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी पोहणाऱ्यांच्या हातांना दिवे बांधून अंधारात पाण्याखालचे फोटो घेतले. चांगल्या पोहणाऱ्यांचे हात सरळ मागे न जाता वळणं घेत जात होते. यावरून त्यांनी मांडलं, की हात विमानाच्या पंखासारखा काम करतो आणि ही वळणंच वेग देतात. मग जगभरच्या तलावांत मुलांना इंग्रजी 'एस'च्या आकारात हात फिरवायला शिकवू लागले. काउन्सिलमन यांचा शिष्य मार्क स्पिट्झ याने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं घेतल्यावर तर त्यावर शिक्काच बसला. त्याची १०० मीटर फ्रीस्टाइलची वेळ होती ५१.२२ सेकंद, म्हणजे ताशी सात किलोमीटर.

त्याच वर्षी, त्याच देशात, म्युनिकच्या काही आठवडे आधी हायडेलबर्गला पॅरालिम्पिक झाली. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण मुरलीकांत पेटकर यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकलं. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ईएमई दलात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. भारताचं वैयक्तिक खेळातलं हे पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पुढे त्यांनी टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि बहुतेक तरुणांना त्यांचं नाव कळलं ते २०२४ च्या 'चंदू चॅम्पियन' या चित्रपटामुळे.

पेटकरांचा वेग ताशी ४.८ किलोमीटर होतो. स्पिट्झशी तुलना करायला हा आकडा दिलेला नाही. पोहताना पाय दोन कामं करतात. थोडा रेटा देतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शरीराचा मागचा भाग वर ठेवतात. पाय चालत नसले, की ते खाली झुकतात आणि ओढ वाढते. म्हणजे खांदे, छाती आणि हात यांनी पुढे जायचं आणि मागचं ओझंही ओढायचं. फळीवरच्या सर्फरचे पाय असेच बिनकामाचे असतात. फरक इतकाच, की त्याच्याखाली तरंगणारी फळी असते. 'फक्त हातांनी किती वेग निघतो' या प्रश्नावर मराठी माणसाने दिलेलं सगळ्यात ठोस उत्तर हायडेलबर्गच्या त्या तलावात आहे. आपल्या क्रीडा-इतिहासात ते पन्नास वर्षं जवळजवळ कुणी वाचलं नाही.

वादाचा निकाल

काउन्सिलमनच्या सिद्धांताला पुढे आव्हान मिळालं. १९९० च्या दशकात काही संशोधकांनी दाखवलं, की हात पंखासारखा चालतो त्यापेक्षा वल्ह्यासारखा जास्त चालतो. २०१२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रजत मित्तल आणि त्यांचे सहकारी आल्फ्रेड फॉन लोबेके यांनी ऑलिंपिक दर्जाच्या पोहणाऱ्यांच्या हातांचं संगणकावर सिम्युलेशन केलं. एका बाजूला मुद्दाम वळणं घेणारा हात, दुसऱ्या बाजूला खोल जाऊन सरळ मागे येणारा हात. निकाल असा आला, की पंखासारखा परिणाम दोन्हींत असतो, पण मुद्दाम वाढवलेल्या वळणांनी फायदा होत नाही. खोल आणि सरळ हात जास्त रेटा देतो.

यामागचं कारण फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात सापडतं. पाण्यात पुढे जायचं तर पाणी मागे सारावं लागतं. समजा एका सेकंदात तुम्ही १० किलो पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने मागे ढकललं. दुसऱ्या कुणीतरी २० किलो पाणी १ मीटर वेगाने ढकललं. दोघांना मिळणारा रेटा सारखाच, २० न्यूटन. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पहिल्याने पाण्याला दिली २० ज्यूल, दुसऱ्याने फक्त १०. तेवढ्याच रेट्याला निम्मी किंमत. म्हणून थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा जास्त पाणी सावकाश सारणं केव्हाही परवडतं. नुसता तळवा वापरला तर थोडंच पाणी हाती लागतं. कोपर वर ठेवून मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उभा धरला, तर वल्ह्याचं पातं मोठं होतं. हात जणू एका जागी रुतून बसतो आणि शरीर त्याच्यावरून पुढे सरकतं. पाणी 'धरणं' म्हणतात ते हेच. खळबळ, शिंतोडे आणि फेस म्हणजे वाया गेलेली ऊर्जा.

दापोडीचं पाणी

पाणी धरायची ही अक्कल वल्ह्यालाही लागू पडते. पुण्यात वल्हवण्याचा खेळ आला तो ब्रिटिशांच्या क्लबांतून, साहेबांसाठी. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ चा आणि त्यांची रेगाटा आजही पुण्याच्या नदीवर होते. पण नदीकाठच्या भोयाच्या किंवा विहिरी खोदणाऱ्याच्या मुलाला त्या होडीत बसायची वाट नव्हती.

ती वाट सैन्यातून निघाली. दत्तू भोकनळ नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे. गाव दुष्काळी. वडील विहिरी खोदत आणि दत्तूही त्या कामावर जात. वडिलांच्या निधनानंतर ते २०१२ मध्ये खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाले आणि त्यानंतर पहिल्यांदा रोइंगच्या होडीत बसले. दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या आवारात सैन्याचं रोइंग केंद्र आहे. चाकणहून पुण्याकडे जाताना नाशिक फाट्याच्या थोडं पुढे, रोज हजारो बस आणि कंपन्यांच्या गाड्या जातात त्या रस्त्याच्या बाजूला. तिथे सराव करून चार वर्षांत दत्तू रिओ ऑलिंपिकच्या सिंगल स्कल्समध्ये होते, भारताचे एकमेव रोअर म्हणून. अंतिम क्रमांक तेरावा. शेवटच्या शर्यतीत २००० मीटर त्यांनी ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत कापले. ताशी सतरा किलोमीटरहून जास्त. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या क्वाड्रुपल स्कल्समध्ये त्यांना सुवर्ण मिळालं.

ताशी सतरा म्हणजे लाटेच्या वेगाची बरोबरी. रोइंगमध्ये बैठक सरकती असते, बहुतेक ताकद पायांची येते, वल्हं ही लांब तरफ असते आणि होडी सुईसारखी निमुळती. पण सुरुवातीला शिकवतात ते तेच. पातं पाण्यात पूर्ण बुडेपर्यंत ओढू नका, आधी पाणी पकडा, मग ओढा. दोन ओढींच्या मध्ये होडीला पळू द्या.

फळीवर याचा अर्थ काय

गोव्याला अश्वेमच्या किनाऱ्यावर किंवा कर्नाटकात मुल्कीला कधी फळीवर पालथे पडलात, तर या सगळ्या इतिहासाचा उपयोग पाच गोष्टींत होतो.

पहिली, फळीवरची जागा. छाती फार मागे ठेवली तर फळीचं टोक वर उठतं आणि ती पाणी ढकलत बसते. फार पुढे गेलात तर टोक बुडतं. टोक पाण्यापासून दोन-तीन बोटं वर राहील, अशी जागा शोधून ती लक्षात ठेवायची. हे न करता ताकद लावणं म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी चालवणं.

दुसरी, फळीची लांबी. विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉर्कीजवळ मेणाच्या छोट्या जहाजांवर प्रयोग केले. पाणी कापत जाणाऱ्या वस्तूपुढे तिचीच लाट उभी राहते आणि एका वेगानंतर ती लाट चढणं फार महाग पडतं, हे त्या अभ्यासातून पक्कं झालं. तो वेग लांबीच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. सहा फुटी फळीसाठी तो येतो ताशी सहा किलोमीटर, नऊ फुटीसाठी ताशी सव्वासात-साडेसात. नवशिक्याला लांब फळी देतात ती केवळ तोल सांभाळावा म्हणून नाही.

तिसरी, हात. बोटं आधी आत जाऊ द्या, तळवा आपटू नका. आपटलेला तळवा हवेचे बुडबुडे आत नेतो आणि बुडबुड्यांना धरता येत नाही. कोपर वर, हात उभा, आणि ओढ फळीच्या कडेला समांतर, कमरेपर्यंत. फळीच्या खाली हात वळवला तर फळी डावी-उजवीकडे हलते आणि सरळ जायची ताकद त्यात जाते.

चौथी, ताल. पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. वेग दहा टक्के वाढवायचा तर शक्ती सुमारे तेहतीस टक्के जास्त लागते. त्यामुळे बाहेर जाताना सावकाश, लांब ओढी. लाट आली की शेवटच्या पाच-सहा ओढीच जोरात, आणि त्याही पकड न सोडता. बहुतेकांचे हात नेमके तेव्हाच उथळ आणि घाईचे होतात.

पाचवी गोष्ट तंत्राची नाही. पाण्यात किती तास काढले, ही. यावरच बाकीच्या चार अवलंबून आहेत.

पाण्यात कोण जातं

ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाल्या. त्यात रमेश बुदिहाल यांनी कांस्यपदक मिळवलं, भारतीयाचं या स्पर्धेतलं पहिलं वैयक्तिक पदक. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांमध्ये सर्फिंगचा समावेश झाला आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे अनेक आघाडीचे सर्फर मासेमारांच्या घरांतले आहेत. कट्टुमरमवाल्यांची नातवंडं. तिथे हातातलं ज्ञान आणि स्पर्धेचा कागद यांची सांगड बसली.

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरच्या आसपास समुद्रकिनारा आहे, वल्हवणाऱ्यांची शेकडो वर्षांची परंपरा आहे आणि तरी सर्फिंगच्या राष्ट्रीय चित्रात आपण फारसे नाही. त्याहून जवळची गोष्ट भीमेची. आमच्या आजोबांच्या पिढीत नदीकाठचं पोर पोहायला येतं हे गृहीत असे. आता चासकमानमधून आवर्तन सुटलं तर पाणी, नाहीतर डबकी. विहिरींना जाळ्या लागल्या, काहींवर स्लॅब पडला. पोहणं हे क्लासला जाऊन फी भरून शिकायची गोष्ट झाली आणि चाकणला कामाला आलेल्या बाहेरगावच्या पोरांना तर तेही परवडत नाही. दर उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी धरणांवर गेलेल्या तरुणांच्या बातम्या येतात, त्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात.

यावरचा उपाय महागडा नाही. गावात पोहणारे म्हातारे अजून आहेत, नदीवर जाळं टाकणारे भोई अजून आहेत, दापोडीत प्रशिक्षक आहेत. तालुक्याला एक सुरक्षित, मोजकं खोल पाणी आणि शिकवायला ही माणसं, एवढं जमवता आलं तर पुरे. मुलांना शिकवताना त्यांनी सिद्धांत सांगायची गरज नाही. कोपर वर ठेव, पाणी मारू नको, धर, एवढं त्यांना येतं.